घरगुती इन्क्युबेटरला पंखा लावायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब, डिजिटल थर्मोस्टॅट (तापमान पाहून बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) आणि पाण्याची वाटी ठेवून कोंबडीची अंडी उबवली जातात. थर्मोस्टॅट ३८.५ अंशावर लावलेला आहे. तरी निम्म्याच अंड्यांतून पिल्लं निघतात आणि कोपऱ्यांतल्या अंड्यांत पूर्ण वाढ झालेली पिल्लं आतच मेलेली सापडतात. दर आठवड्याला त्याच खोक्यात नवी अंडी घातली जातात. पंखा बसवायचा विचार आहे, पण पंख्याने अंडी सुकतात असं कोणीतरी सांगितलंय. तर पंखा लावावा का, केवढा, कुठे, आणि शेवटचे तीन दिवस तो बंद ठेवावा का?

पंखा जरूर लावा. मात्र तो लावल्यावर बाकी सगळं होतं तसंच ठेवलंत, तर आज निघतात तेवढीही पिल्लं निघणार नाहीत. माझ्याकडे "पंखा लावला आणि हॅचिंग बिघडलं" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी थर्मोस्टॅट कितीवर लावलाय ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा जुन्याच आकड्याचं असतं.

बिनपंख्याच्या खोक्यात गरम हवा वर जाऊन झाकणाखाली साचते आणि तळाशी गार हवा राहते. अंड्याच्या वरच्या टोकाला एक तापमान असतं आणि खालच्या बाजूला त्याहून दोन-तीन अंशांनी कमी. म्हणूनच अशा यंत्रात अंड्याच्या माथ्याच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश सेल्सिअस ठेवतात. त्याने अंड्याच्या मध्यावर साधारण योग्य ऊब पोचते. पंखा फिरायला लागला की हे थर मोडतात आणि अंड्याला सगळ्या बाजूंनी सारखीच हवा लागते. आता माथ्यावर जे तापमान, तेच पोटाखाली. अशा वेळी ३८.५ ठेवलं तर गर्भाला खरोखरच ३८.५ मिळतं आणि ते २१ दिवस सोसणं त्याला जड जातं. पंख्याच्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ अंश लावायचे. हा एका अंशाचा फरक किरकोळ समजू नका. ३६.८ वर राहिलेली पिल्लं उशिरा निघतात, पोटं मोठी आणि मऊ असतात, पण बरीच निघतात तरी. त्याच मापाने वर चुकलात तर पिल्लं लवकर निघतात, बेंबी नीट मिटलेली नसते, आणि बरीचशी कवच फोडायच्या आधीच जातात. थंडीकडची चूक गर्भ सोसतो, उष्णतेकडची फार कमी सोसतो.

थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे टांगलाय हा याच्याच जोडीचा मुद्दा. बल्बच्या समोर किंवा पंख्याच्या झोतात टांगलेला सेन्सर झोताचं तापमान सांगतो, अंड्यांचं नाही. तो अंड्यांच्या पातळीवर, आणि हवा सगळ्या अंड्यांवरून फिरून परत पंख्याकडे येते त्या वाटेवर हवा. कोपऱ्यातली पिल्लं का मरतात याचं उत्तरही यातच दडलेलं असू शकतं. सेन्सर मधोमध असतो, तिथे ३८.५ असतं, आणि कोपऱ्यात प्रत्यक्षात काय आहे ते कधी मोजलेलंच नसतं.

मोजायला पाच साधे थर्मामीटर घ्या. स्वस्तातले थर्मामीटर एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा आधी सगळे एकाच जागी, एकत्र बांधून तासभर ठेवा आणि कोणता किती वर-खाली दाखवतो ते लिहून घ्या. तापमापीवर अगदीच विश्वास नसेल तर कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरशी ताडून पाहा; ३७-३८ च्या आसपास तो भरवशाचा असतो. मग चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी, अंड्यांच्या पातळीवर ठेवा. खोकं बंद करून चार-पाच तास जाऊ द्या, वाचा, मग थर्मामीटरांच्या जागा आपसांत बदला आणि पुन्हा वाचा. जागा बदलल्या की थर्मामीटरचा दोष कुठला आणि खोक्याचा दोष कुठला ते वेगळं कळतं. बिनपंख्याच्या खोक्यात कोपरा आणि मध्य यांत दीड-दोन अंशांचा फरक सर्रास सापडतो. पंखा बसवल्यावर तो ०.३ अंशाच्या आत यायला हवा. ०.५ पर्यंत मी चालवून घेईन. त्यापुढे पंख्याची जागा बदलावीच लागेल.

आता अंडी सुकण्याची भीती. ओला कपडा वाऱ्यावर लवकर वाळतो, म्हणून अंडंही वाळेल, असा तर्क लोक करतात. कपड्याचं पाणी पृष्ठभागावरच असतं. अंड्याचं पाणी मात्र कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर यावं लागतं आणि खरा अडसर त्या छिद्रांचा असतो. बाहेर हवा संथ आहे की वेगात आहे, याने त्या अडसरात फारसा फरक पडत नाही. अंडं किती सुकेल हे ठरवते भोवतालच्या हवेतली आर्द्रता. गडबड होते ती वेगळ्या कारणाने. पंखा खोक्याच्या भोकांतून बाहेरची कोरडी हवा जास्त ओढतो आणि आतली दमट हवा बाहेर ढकलतो. आर्द्रता ६० वरून ३५ वर येते आणि अंडी खरंच सुकतात. तिथे पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा आणि भोकांना आवर घालायचा. वाटी खोल असून उपयोग नाही, पसरट हवी. पाण्याची खोली वाढवल्याने फक्त पुन्हा भरायची वेळ लांबते.

आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा. पण आर्द्रतामापकावर मी आंधळा विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. स्वस्त मापक दहा टक्क्यांनीसुद्धा चुकतात. अंडी वजन करा. कोंबडीचं अंडं १८ दिवसांत आपल्या वजनाच्या ११ ते १३ टक्के गमावतं. ६० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ५३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे रोजचा तोटा ०.४ ग्रॅम. दहा अंड्यांवर पेन्सिलीने नंबर घाला, ठेवताना एकत्र वजन करा, सातव्या दिवशी पुन्हा करा. ६०० ग्रॅमची दहा अंडी ५७२ च्या जवळ असतील तर पंखा आणि पाणी दोन्ही जमलंय. ५६० वर आली असतील तर जास्त सुकताहेत, पाणी वाढवा. ५८५ वर अडकली असतील तर पाणी कमी करा. अशा अंड्यातलं पिल्लू बोथट टोकातली हवेची पोकळी लहान राहिल्याने शेवटी आत गुदमरतं, आणि फोडून पाहिलं तर ओलं, सुजलेलं दिसतं. पंखा बसवल्यानंतरची पहिली बॅच तरी अशी वजनावरच चालवा.

केवढा पंखा? लोक गरजेपेक्षा मोठा घेतात. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा पंखा मोकळ्या जागेत तासाला साधारण ४० ते ६० घनमीटर हवा हलवतो. तुमचं खोकं ५०-६० लिटरचं असेल तर अडथळे धरूनही आतली सगळी हवा मिनिटाला कित्येक वेळा फिरते. १२० मिलिमीटरचा पंखा शंभर लिटरच्या पुढच्या खोक्यांसाठी ठेवा. खरी अडचण वेग जास्त होण्याची आहे. म्हणून १२ व्होल्टचा पंखा ७ ते ९ व्होल्टवर चालवा. व्होल्टेज कमी करणारं छोटं मॉड्यूल मिळतं, किंवा व्होल्टेज बदलता येणारा अडॅप्टर घ्या. इथे एक काळजी घ्या. कमी व्होल्टेजवर फिरत राहणारा पंखा थांबल्यावर त्याच व्होल्टेजवर पुन्हा सुरू होईलच असं नाही, विशेषतः बेअरिंग जुनी झाल्यावर. रात्री वीज गेली, परत आली, बल्ब पेटला आणि पंखा मात्र थरथरून जागीच राहिला, असं होऊ शकतं. ठरवलेल्या व्होल्टेजवर प्लग दहा वेळा काढा-घाला. एकदाही अडखळला तर अर्धा-एक व्होल्ट वाढवा.

२३० व्होल्टवर थेट चालणारे १२० मिलिमीटरचे पंखे लहान खोक्यात घालू नका. असा पंखा १५ ते २० वॅट खातो, आणि मोटर आत असल्याने ती सगळी उष्णता आतच राहते. तो एक असा हीटर होतो जो थर्मोस्टॅट बंद करू शकत नाही. उन्हाळ्यात बल्ब बंद असूनही तापमान ३८.५ कडे सरकत जाईल आणि कारण सापडणार नाही. १२ व्होल्टचा पंखा जेमतेम दोन वॅट घेतो. घेताना बॉल बेअरिंगचा घ्या. साध्या बुश बेअरिंगचं तेल ३७-३८ अंशांच्या सततच्या उबेत लवकर आटतं, त्यात पंखा आडवा, म्हणजे पाती छताकडे तोंड करून बसवला असेल तर आणखी लवकर.

जागेचा नियम एकच: झोत थेट अंड्यांवर पडता कामा नये. पंख्याने खोक्यातली हवा ओढावी, बल्बवरून किंवा हीटरच्या तारेवरून न्यावी आणि भिंतीवर किंवा झाकणाच्या खालच्या अंगावर आदळवावी, म्हणजे ती पसरून सगळीकडून खाली उतरते. झाकणाला पंखा लावायचाच असेल तर त्याच्याखाली पाच-सहा सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा आडोसा टांगा. ट्रेच्या चारही बाजूंना तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर हवेला उतरायला वाटच नाही. ट्रेखाली जाळी असेल तर तिच्यावर कापड अंथरून ती बुजवू नका. अर्धा ट्रे रिकामा असेल तर अंडी एका कोपऱ्यात गोळा करू नका, सारखी पसरा. हवा रिकाम्या भागातून सोपी वाट काढते आणि दाटीतल्या अंड्यांकडे कमी जाते.

हवा कुठे पोचते हे डोळ्यांनी पाहता येतं. टिश्यू पेपरच्या बोटभर पट्ट्या कापून ट्रेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी काड्यांना चिकटवा, झाकणाला काच नसेल तर तात्पुरतं पारदर्शक प्लास्टिक लावा, आणि पंखा सुरू करून पाहत राहा. प्रत्येक पट्टीचं टोक हलकेच हलत राहायला हवं. एखादी पट्टी आडवी होऊन फडफडत असेल तर तिथे झोत सरळ लागतोय. एखादी मुळीच हलत नसेल तर तो तुमचा मेलेला कोपरा. आडोसा दोन बोटं सरकवला, पंखा थोडा तिरका केला की पट्ट्या लगेच वेगळ्या वागू लागतात. या अर्ध्या तासाच्या उद्योगाने जे कळतं ते नुसत्या थर्मामीटरने कळत नाही.

पंखा आतली हवा ढवळतो, ताजी हवा आणत नाही. ती भोकांतून येते. गर्भ श्वास घेतो, आणि शेवटच्या आठवड्यात त्याची प्राणवायूची गरज पहिल्या आठवड्याच्या कित्येक पट होते. भोकं सगळी बुजवून, वर पंखा लावून आर्द्रता छान ७० दाखवणारं खोकं मी पाहिलंय. अठराव्या दिवसापर्यंत जिवंत असलेले गर्भ त्यात कोंडून गेले होते. पंख्याच्या मागच्या, म्हणजे ओढीच्या बाजूला आत येणारं भोक ठेवा आणि झोताच्या बाजूला, जरा वर, बाहेर जाणारं. सुरुवातीला दोन्ही अर्धवट उघडी, चौदाव्या दिवसापासून जास्त, शेवटी पूर्ण.

आता वायरिंग, आणि इथे कुठलीही तडजोड नको. पंखा थर्मोस्टॅटच्या रिलेमागे, म्हणजे बल्ब चालू-बंद करणाऱ्या त्याच्या आतल्या स्विचमागे, जोडू नका. तो वीज आल्यापासून जाईपर्यंत सलग चालला पाहिजे. बल्बबरोबर चालू-बंद होणारा पंखा असेल तर बल्ब विझला की थर पुन्हा तयार होतात, सेन्सरला एक दिसतं आणि अंड्यांना दुसरंच लागतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पंखा बंद पडला आणि बल्ब चालू राहिला तर? उष्णता झाकणाखाली साचते, सेन्सर खाली असतो, त्याला ३७.५ गाठायला वेळ लागतो, आणि वरची अंडी तेवढ्यात ४० च्या पुढे जातात. याला उपाय म्हणून बल्बच्या तारेवर एक दुसरा, वेगळा थर्मोस्टॅट एकामागोमाग एक अशा जोडणीत घाला, त्याचा सेन्सर झाकणाजवळ ठेवा. पंखा नीट चालू असताना तिथे सर्वांत जास्त किती तापमान दिसतं ते एक दिवस पाहा आणि त्याच्या एक अंश वर तो लावा. पहिल्या थर्मोस्टॅटचा रिले चिकटून बसला तरी हाच वाचवतो. पंखा दमायला लागल्याची आगाऊ खूणही असते: आधी ३७.४ ते ३७.६ मध्ये खेळणारा आकडा ३७.० ते ३८.१ असा झोके घेऊ लागतो. असं दिसलं की सेटिंगला हात लावू नका, आधी पंखा पाहा.

वीज गेल्यावर पंखा बॅटरीवर चालवावा का, हेही विचारलं जातं. अंडी पहिल्या दहा-बारा दिवसांतली असतील तर नको. हीटर बंद असताना पंखा आतली ऊब भिंतींना आणि भोकांना देत राहतो. खोकं बंद ठेवून वर कांबळं टाकणं चांगलं, फक्त हवेची भोकं झाकू नका. शेवटच्या आठवड्यातली, दाटीने भरलेली अंडी असतील तर उलट: पंखा चालू ठेवा, कारण ती अंडी स्वतःच गरम होत असतात.

हा शेवटचा मुद्दा पंख्याच्या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. सुरुवातीचे नऊ-दहा दिवस अंडं हवेकडून उष्णता घेतं. त्यानंतर पारडं फिरतं आणि गर्भ उष्णता बाहेर टाकू लागतो. अठराव्या दिवसाच्या सुमारास कोंबडीचं एक अंडं साधारण ०.१३ ते ०.१४ वॅट उष्णता देतं. शंभर अंडी म्हणजे १३-१४ वॅट, एका लहान बल्बएवढी. ती उष्णता अंड्यापासून दूर न्यायला पंखा लागतो. कानात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर सोळाव्या दिवशी अंड्याच्या कवचाला, मधल्या फुगीर भागावर, हवेच्या पोकळीपासून दूर लावून पाहा. कवचाचं तापमान ३७.८ च्या आसपास हवं. थर्मोस्टॅट ३७.५ दाखवत असताना मधल्या अंड्यांची कवचं ३८.९ किंवा त्याहून वर दिसली, तर अंड्यांमधून हवा खेळत नाहीये: पंख्याचा वेग थोडा वाढवा, अंडी विरळ करा, किंवा सेटिंग ०.२-०.३ अंशाने खाली आणा.

तुम्ही दर आठवड्याला नवी अंडी घालता, त्यालाही हेच तत्त्व लागू पडतं. अमेरिकेत सॅम्युअल स्मिथ यांना १९१८ मध्ये ज्या पंख्याच्या इन्क्युबेटरचं पेटंट मिळालं, त्याचा गाभा हाच होता: वेगवेगळ्या वयाची अंडी एकाच कपाटात ठेवायची आणि फिरत्या हवेने जुन्या अंड्यांची जादा ऊब नव्या अंड्यांपर्यंत न्यायची. म्हणजे पंख्यानंतर तुमची पद्धत आजच्यापेक्षा चांगली चालेल. जुनी आणि नवी अंडी आलटून-पालटून ओळींत ठेवा. नवी अंडी थेट थंड जागेतून आणून घालू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर त्यांच्यावर दव धरतं.

मात्र पिल्लं त्याच खोक्यात काढू नका. शेवटच्या तीन दिवसांची ६५-७० टक्के आर्द्रता दुसऱ्या वयाच्या अंड्यांना नको असते. शिवाय पिल्लांची लव आणि कवचाची भुकटी पंखा सगळीकडे उडवतो. पात्यांवर तिचा थर बसला की पंख्याचा वेग उतरतो, आणि तिच्याबरोबर जंतू प्रत्येक अंड्यावर जातात. अठराव्या दिवशी अंडी दुसऱ्या लहान खोक्यात हलवा, तिथे अंडी फिरवणं बंद. मुख्य खोक्यातही सातव्या आणि चौदाव्या दिवशी उजेडात धरून मेलेली अंडी काढून टाकायची सवय ठेवा. नासलेलं एक अंडं फुटलं तर पंख्याच्या यंत्रात त्याची घाण शेवटच्या अंड्यापर्यंत पोचते. प्रत्येक बॅचनंतर पाती कोरड्या ब्रशने साफ करा, मग जंतुनाशकात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मोटरवर पाणी नको.

राहिला शेवटचे तीन दिवस पंखा बंद ठेवायचा प्रश्न. बंद ठेवू नका, मंद करा. बंद केलात तर थर परत येतात आणि ३७.५ चं सेटिंग अपुरं पडतं, तेही अंडी सर्वांत नाजूक अवस्थेत असताना. पण इथे वाळण्याची भीती खरी आहे. पिल्लाने कवच टोचलं की आतलं पांढरं पापुद्र्यासारखं आवरण उघडं पडतं आणि त्यावर वारा लागला की ते कडक होऊन पिल्लाला आवळतं. पिल्लू फिरू शकत नाही. भोकाच्या कडेला ते पिवळट, कागदासारखं दिसायला लागलं तर झोत थेट लागतोय किंवा आर्द्रता पडलीय. पिल्लं काढायच्या खोक्यात पंखा पाच-सहा व्होल्टवर, सुरू होण्याची खात्री करूनच, आणि पुढे आडोसा लावून चालवा. पात्यांना पुढे-मागे बारीक जाळी लावा, पिल्लं बाहेर पडल्यावर तासाभरात सगळीकडे धडपडतात. झाकण उघडायची वेळ आली तर आधी पंखा आणि हीटर दोन्ही एका स्विचने बंद करा, कारण चालू पंखा सगळी दमट हवा काही सेकंदांत बाहेर फेकतो आणि अर्धवट फुटलेल्या अंड्यांना त्याचा फटका बसतो. आणि झाकण लावल्यावर तो स्विच परत चालू केलाय ना, हे पंख्याचा आवाज कानाने ऐकून मगच तिथून उठा.